उजवीकडची चमकी

छ. संभाजीनगर
दि. २ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
संध्याचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र अभयनं परवा हातोहात दिलं. दुकानाचा माल न्यायला तो औरंगपुऱ्यात आला होता, तिथून चहाला घरी येऊन गेला. कानाचं मशीन तू पुन्हा डब्यात घालून ठेवलंस, हेही त्यानं सांगितलं. तुझ्या लेकानं चुगली केली म्हणून त्याला रागावू नकोस. फोनवर मी बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि तू नुसतं बरं बरं म्हणायचं, त्यापेक्षा हे पत्रांचंच बरं चाललंय.

इकडे सगळे ठीक. सम्यकची शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी चालू आहे, या महिन्यात सकाळची पाळी. माझं मात्र निवृत्तीनंतर काही खरं नाही. शाळेची वेळ झाली की हात आपोआप पर्सकडे जातो. घरात मुलं नाहीत म्हणून मी परवा मेघालाच शुद्धलेखनावरून टोकलं. तिनं सून असून काही मनाला लावून घेतलं नाही, पण दुसऱ्या दिवशी माझं नाव एका कार्यशाळेत घालून आली. बहुतेक घरातली मास्तरीण दोन दिवस तरी बाहेर जावी म्हणून.

पंधरा-सोळा तारखेला, शनिवार-रविवार, सिडकोत आहे. मिक्स मीडिया म्हणतात त्याला. एका लाकडी फळीवर कागद, कापड, रंग, बटणं, दोरे, फोटो असं घरात सापडेल ते चिकटवून चित्र करायचं. त्यात नव्या कोऱ्या कागदाला चहाच्या पाण्यात बुडवून जुना करतात, हे ऐकून मला तू आठवलीस. जुनं लुगडं नव्यासारखं दिसावं म्हणून तू दगडावर किती घासायचीस. आता लोक उलटं शिकायला येतात.

आता मुद्द्याचं. प्रत्येकानं आपल्या माणसाचा एक फोटो आणायचा आहे. मला दुसरं कोण सुचणार? आई-आप्पांचा तुझ्या भिंतीवरचा फोटो अभयबरोबर चार दिवसांसाठी पाठवशील का? मूळ फोटोला कात्री-डिंक काही लागणार नाही. त्याची झेरॉक्स काढून ती वापरायची असते.

आणि आईच्या लुगड्याचा रंग कोणता होता, तेवढं लिही. फोटो काळा-पांढरा, आणि मी तेव्हा पोटातही नव्हते. तुला आठवत असेल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
संध्या


गंगापूर
दि. ५ नोव्हेंबर २०२५

चि. संध्यास,
लीलाआक्काचा जयभीम व पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. मशीन डब्यात आहे ते खरं. ते कानात घातलं की भांड्यांचा आवाज तेवढा मोठा होतो, माणूस काय बोलतं ते कळतच नाही. त्यापेक्षा आहे ते बरं. सुनेला मी काय म्हणते ते ऐकू जातं, तेवढं पुरे.

कापूस वेचायला इकडं बाया मिळेनात. शेजारच्या सरूबाईचा कापूस झाडावरच लोंबतोय. आपली जमीन नाय ते एका अर्थी बरं, असं अभय म्हणतो. मी म्हटलं, जमीन असती तर तू असं म्हणाला नसतास.

तू शिकायला जातीस ते चांगलं. चहात कागद बुडवायला शिकवतात हे मी अभयला वाचून दाखवलं तर तो लई हसला. आपल्या घरात पाऊस गळून कागद आपोआप पिवळे व्हायचे, तेव्हा कुणी शिकवणी लावली नाही, असं म्हणाला.

पण फोटो मी देणार नाही. तो एकच आहे. खिळ्यावरून काढायचा, दुपट्ट्यात गुंडाळायचा, एसटीत न्यायचा, अभय त्याच्या वायरीच्या बंडलांत ठेवणार. काच फुटली आणि आतला कागद फाटला, तर मी सकाळी उठून कुणाकडं बघू? तू आप्पांचा दुसरा एखादा फोटो घे. त्यांचे मतदानाच्या कार्डापासून लग्नातल्यापर्यंत ढीगभर आहेत.

लुगड्याचा रंग मला आठवत नाही. आठवत असलं तरी सांगणार नाही. माझ्या आठवणीवर चित्र काढू नको, चुकशील. तुला माहीत आहे मी का म्हणते.

सम्यक, मेघाला आशीर्वाद. रागवू नको, आणि रागावलीस तरी पत्र बंद करू नको.
तुझी,
लीलाआक्का


छ. संभाजीनगर
दि. ८ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

रागावले आहे. आणि पत्र बंद करत नाही.

तू लिहितेस, तुला माहीत आहे मी का म्हणते. हो, माहीत आहे. पण इतक्या वर्षांत आपण दोघींनी ते कधी तोंडातून काढलं नाही, म्हणून आज मीच लिहिते.

मी बारा वर्षांची होते. नाक टोचायला तू मला सोनाराकडे नेलंस. तो डावीकडे सुई लावायला गेला आणि मी मान मागे घेतली. मला आईसारखी उजवीकडे हवी होती. सोनार म्हणाला, आपल्याकडे डावीकडेच टोचतात. तू म्हणालीस, आईलाही डावीकडेच होती, मी बघितलंय. मी घरी पळत गेले आणि फोटो घेऊन आले. भरदुकानात सगळ्यांनी पाहिलं. चमकीचा पांढरा ठिपका आईच्या उजव्या नाकपुडीवर होता. संध्याकाळी आप्पांना विचारलं, तर ते फोटोकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “फोटू कसा खोटं बोलंल, लीला? आपलंच ध्यानात राहत नाय.”

मी जिंकले, आणि माझ्या उजव्या नाकात चमकी आली. पण त्या दिवसापासून तू आईबद्दल बोलायची बंद झालीस. त्याआधी झोपताना तू मला काही ना काही सांगायचीस. आईनं असं केलं, आई असं म्हणायची. त्यानंतर मी विचारलं की तुझं एकच उत्तर, मला नीट आठवत नाही. मला तेव्हा वाटायचं की हरलीस म्हणून फुगली आहेस. पुढे वाटलं, खरंच विसरली असेल. आता काय वाटतं ते मला सांगता येत नाही.

आक्का, तू निदान दहा वर्षं आईच्या हाताची भाकरी खाल्लीस. माझी आई म्हणजे ती चौकट. तिच्याशीच मी बोलले, परीक्षेला जाताना तिच्याच पाया पडले. आणि तीही कशी, ओठ घट्ट मिटलेले, डोळे ताणलेले. लहानपणी मला वाटायचं, मी झाले आणि ती गेली म्हणून ती माझ्यावर रागावली आहे. तुला हे कधी सांगितलं नाही.

तू आठवणी देणार नसशील तर देऊ नकोस. पण मग चौकट तरी दे. अभय झेरॉक्सच्या दुकानात स्वतः उभा राहील, मशीनवरून उचलून लगेच गुंडाळेल. चार दिवस फोटो माझ्या कपाटात राहील.

कमीजास्त लिहिलं असेल, तर मोठी म्हणून पोटात घाल.
तुझी,
संध्या


गंगापूर
दि. १२ नोव्हेंबर २०२५

चि. संध्यास,
जयभीम व आशीर्वाद.

फोटो पाठवते आहे. दोन टॉवेल, वर माझी जुनी साडी, वर पुठ्ठा. अभयला बजावलं आहे की मांडीवरून खाली ठेवायचा नाही. परत येताना असाच बांधून पाठव. टॉवेलही पाठव, नवे आहेत.

तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. फुगले नव्हते गं. भ्याले होते.

आई गेली तेव्हा मला कुणी बसून रडू दिलं नाही. तू मांडीवर होतीस, चूल होती. तेव्हा मी मनाशी ठरवलं की आईचं सगळं ध्यानात ठेवायचं, कारण संध्याला मोठी झाली की सांगावं लागंल. रोज रात्री मी ते पाढ्यासारखं म्हणायचे. तिचा आवाज, तिची चाल, ती चमकी. चमकी तर मला सगळ्यात पक्की ठाऊक होती. आणि तू फोटो आणून दाखवलास. मी सोनाराच्या दुकानात उभी होते आणि मला वाटलं, हे जर माझं चुकलं, तर बाकीचं कशावरून खरं? कुण्या दुसऱ्याच बाईला मी आई समजून बसले असंल. माझ्या मनानंच काहीतरी रचलं असंल. खोटी आई तुला सांगायची, त्यापेक्षा गप बसलेलं बरं. फोटो तरी कागदावर आहे.

मग न म्हणता न म्हणता ते पाढेपण गेले. आता खरंच कितीतरी आठवत नाही.

आई तुझ्यावर रागावली नव्हती. हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण तसं लिहिते.

फोटो मिळाला की अभयच्याच हाती चिठ्ठी दे. भिंतीवर खिळा एकटा दिसतोय.
तुझी,
लीलाआक्का


छ. संभाजीनगर
दि. १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

ती. आक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

अभयबरोबर पोचेची चिठ्ठी दिली होती, ती मिळाली असेलच. फोटो कपाटात सुखरूप आहे. टॉवेल पाहून मेघा म्हणाली, मावशींनी बाळ पाठवलंय असं वाटतंय.

तुझं पत्र पर्समध्ये ठेवलं आहे, पुन्हा वाचीन. कार्यशाळेचं लिहिते.

आम्ही बाराजणी होतो. शिकवणारी श्रेया नावाची, वयानं मेघाएवढी, हातांवर कायम रंग. माझ्या एका बाजूला विशाखा म्हणून दातांची डॉक्टर, दुसऱ्या बाजूला संस्कृती नावाची कॉलेजातली पोरगी. पहिला तास आम्ही फळीला रंग देऊन तो पुन्हा खरवडला. दिलेला रंग खरवडायचा, हे माझ्या हाताला पटेना. मी सगळीकडे सारखा, नीटनेटका रंग दिला होता. श्रेयानं येऊन पाहिलं आणि हळूच म्हणाली की मॅडम, थोडं बिघडवा. तीस वर्षं मी वह्यांत खाडाखोड दिसली की मुलांचे गुण कापले, आणि आता मला बिघडवायला सांगतात. विशाखा मात्र आरामात खरवडत होती, तिचा तो रोजचाच धंदा.

चहाचे कागदही केले. मी घरून आपला बिनदुधाचा काळा चहा करून नेला होता, तो सगळ्यांत छान चढला.

दुपारनंतर फोटो. फळीवर दह्यासारखं पांढरं, घट्ट जेल लावायचं, आणि फोटोची झेरॉक्स त्यावर पालथी चिकटवायची. छापलेली बाजू खाली, कोरी बाजू वर. रात्रभर वाळू द्यायचं. उद्या पाण्याच्या बोटानं कागद चोळून काढायचा, म्हणजे कागद निघून जातो आणि शाई तेवढी फळीवर राहते. चित्र उलट्या बाजूनं उमटतं, म्हणून ज्यांच्या फोटोत पाटी किंवा अक्षरं असतील त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातूनच उलटवून आणायची होती. मेघानं मला तसं सांगितलंही होतं. आपल्या फोटोत कुठली अक्षरं, म्हणून मी साधीच काढली.

पालथी घालताना मात्र हात थांबला. आईचं तोंड खाली करून वरून दाबायचं. मी संस्कृतीला म्हटलं, तू दाब. तिनं हळू हळू, कडेकडेनं दाबलं. तिला काय ठाऊक, पण तिनं बोटं आईच्या तोंडावर आली तेव्हा जोर कमी केला. मला ती पोरगी फार आवडली.

फळी तिथेच वाळत ठेवून आले आहे. पत्र पुरं करत नाही, उद्याचं लिहूनच पाठवते.

दि. १६, रविवार

उमटली. ओल्या बोटानं चोळलं की कागदाच्या बारीक वळकट्या होऊन सुटतात, अंगाची मळी निघते तशा. आधी आप्पांचा खांदा आला, मग खुर्चीची पाठ, मग पदराची कड. आईच्या तोंडाशी मी सगळ्यांत शेवटी गेले. नाकाजवळ करंगळीनं चोळलं. ठिपका निघून जाईल अशी भीती होती. राहिला.

पण आक्का, ती दुसरीच वाटते. तेच डोळे, तेच ओठ, आणि तरी जन्मभर जिच्याकडे बघत आले तिनं मान दुसऱ्या बाजूला वळवल्यासारखी. संस्कृतीनं तर सांगितलं की चेहरा तोच आहे, काही फरक नाही. तिनं आईला पन्नास वर्षं पाहिलेलं नाही.

आणि चमकी आता डावीकडे गेली आहे. घे, शेवटी आई तुझ्या बाजूला आली.
तुझी,
संध्या


छ. संभाजीनगर
दि. १८ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
सविनय जयभीम.

काल सकाळी पत्र टाकलं, आणि संध्याकाळी जे झालं त्यामुळे लगेच दुसरं लिहायला बसले आहे. हे टपालात टाकत नाही. उद्या अभय येणार आहे, त्याच्या हातात देईन. बसून वाच.

सम्यक पाळी संपवून आला तेव्हा मी फळी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि शेजारी मूळ फोटो. परत बांधण्यापूर्वी दोन्ही एकदा शेजारी पाहावेत म्हणून. तो फळीच्या बाजूला येऊन उभा राहिला, अंगात कंपनीचा शर्ट, खिशाला पेन. मला म्हणाला की आई, आजोबांनीपण बघ माझ्यासारखंच पेन लावलंय. मी पाहिलं. फळीवर आप्पांच्या खिशाला पेन आणि सम्यकच्या खिशाला पेन, दोन्ही एकाच बाजूला. मग मूळ फोटोकडे पाहिलं. तिथं आप्पांचा खिसा दुसऱ्या बाजूला होता. उजव्या छातीवर.

आक्का, शर्टाला उजवीकडे खिसा कुठे असतो?

मी कपाट उघडलं आणि सम्यकचे सगळे शर्ट पलंगावर काढले. मग यांच्या माघारी जपून ठेवलेले जुने दोन काढले. सगळे खिसे डावीकडे. बटणांची पट्टी पाहिली, तीही मूळ फोटोत उलटी, फळीवर बरोबर. मेघा दारात उभी राहून बघत होती, तिला वाटलं सासूबाईंचं काहीतरी झालं. सम्यक म्हणाला, भडकल गेटला पुतळ्यापाशी बघ, बाबासाहेबांचं पेनही डावीकडेच आहे. जसा काही मला आणखी पुरावा हवा होता.

आई गेल्यावर तो चौकटवाला गावात आला होता ना, लहान फोटो मोठा करून देणारा? तूच सांगायचीस की त्यानं लहान फोटो नेला तो परत दिलाच नाही. सम्यक म्हणतो, त्यानं त्यावरून नवी निगेटिव्ह केली आणि मोठा छापताना ती पालथी ठेवली असणार. एवढी साधी चूक. भिंतीवरचा फोटो पहिल्या दिवसापासून उलट्या बाजूनं छापलेला आहे. मी परवा झेरॉक्स उलटवून न नेण्याची चूक केली, आणि त्या चुकीनं तो सरळ झाला.

इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचा मी रात्री विचार करत होते. मग कळलं. त्या फोटोत आपण सगळे आईलाच बघायचो. आप्पांकडे कोण बघणार? ते तर घरातच होते.

तुझं बरोबर होतं. आईची चमकी डावीकडेच होती. तू बघितलेली बाई आईच होती, दुसरी कुणी नाही. सोनाराच्या दुकानात तू खरं बोललीस आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तुला खोटं पाडलं. आप्पांनीसुद्धा. ते बराच वेळ फोटोकडे का बघत राहिले होते, ते आता मला वाटतं समजलं. त्यांनाही डावीकडेच आठवत असणार.

मला आनंद झाला की रडू आलं, ते सांगता येत नाही. तुझी आई तुला परत मिळाली. माझी मात्र होती तीही सरकली. सेहेचाळीस वर्षं एका चौकटवाल्याची चूक मी नाकात मिरवते आहे. आज आरशात बघवेना. औरंगपुऱ्यात एक चांगला सोनार आहे, त्याच्याकडून डावीकडे टोचून घेऊ का? या वयात दुखेल, पण दुखू दे. तू सांगशील तसं करते.

आणि आता तरी, आक्का, काहीही सांग. चुकलं तरी चालेल.
तुझी,
संध्या


गंगापूर
दि. २३ नोव्हेंबर २०२५

चि. संध्यास,
लीलाआक्काचा जयभीम. आशीर्वाद तर रोजचेच.

पत्र अभयनं दिलं. तू लिहिलं होतंस म्हणून बसून वाचलं. वाचून झाल्यावर उठले आणि दोरीवरचे अभयचे शर्ट चाचपले. सून म्हणाली, आत्याबाई, ओले आहेत अजून. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मला माझं रडणं ऐकू येत नाही, त्यांना येतं, म्हणून नळ.

त्यानंतर तीन-चार दिवस पत्र लिहायला जमलं नाही, कारण एकेक यायला लागलं. भाकरी थापताना यायचं, झाडताना यायचं. सगळंच खरं असंल असं नाही. पण आता मी भीत नाही.

फोटोच्या दिवसाचं सांगते, मी तिथंच होते. नागसेनवनात कार्यक्रम होता, त्याला आपण औरंगाबादला गेलो होतो. येताना फोटो काढायचा असं आप्पांनी घरूनच ठरवलं होतं. मला फोटोत घ्यायचं होतं, पण मी हलत होते. फोटोवाल्यानं मला उचलून त्याच्या कॅमेऱ्याच्या पायाशी खाली बसवलं आणि सांगितलं, इथून बघ. म्हणजे फोटोला जे दिसलं, तेच मला दिसलं. तेही सरळ.

आप्पांना खिशाला पेन हवं होतं. बाबासाहेबांच्या फोटोत असतं तसं. आपल्या घरात तेव्हा पेन कुठलं? गावातल्या मास्तरांकडं मागायला त्यांना लाज वाटली. मग त्यांनी शाळेच्या वाटेवर सापडलेलं एक टोपण खिशाला अडकवलं. नुसतं टोपण, संध्या. खाली पेन नव्हतंच. हे फक्त आईला माहीत होतं आणि मला. आप्पा छाती पुढं काढून साहेबासारखे बसले, फोटोवाला काळ्या कापडाखाली शिरला, आणि आईला हसू यायला लागलं. आप्पा दातओठ खात म्हणाले, हासू नको, फोटू बिघडंल. म्हणून तिनं ओठ असे गच्च मिटले. डोळे ताणले ते त्यासाठी. तू जिला जन्मभर रागीट समजत आलीस, ती हसू दाबत होती. दिव्याचा उजेड पडला तशी चमकी लकाकली. आणि फोटो निघाल्यावर ती एवढी हसली की खुर्चीचा हात धरून खाली बसली. मला कडेवर घेतलं तरी पोट हलत होतं.

लुगडं हिरवं होतं. काठ लाल. हे मला पक्कं आठवतं, आणि आता कुणी फोटो आणून दाखवला तरी मी ऐकणार नाही. तुझ्या फळीवर तसं कापड लाव.

फळी झाली की मला पाठव, खिळ्यावर तीच लावीन. जुनी चौकट तू ठेव. तुझी तिच्याशी ओळख आहे, तिला एकटी इथं कशाला ठेवू. माझे टॉवेल तेवढे विसरू नको.

आता चमकीचं. सोनाराकडं जाऊ नको. काल भाकऱ्या करताना पिठाचं बोट नाकाला लागलं, उजवीकडं. उठून आरशात बघितलं आणि तशीच उभी राहिले. मी कॅमेऱ्याच्या पायाशी बसले होते तेव्हा आई समोर होती. तिची डावी बाजू माझ्या उजव्या हाताला. चमकी मला दिसली ती माझ्या उजव्या हाताकडं. आणि आरशातलं पिठाचं बोट मला दिसत होतं, तेही उजव्या हाताकडंच. तुझी उजवीकडची चमकीपण तुला आरशात तिथंच दिसंल, मला आईची दिसली तिथं. तू डावीकडं टोचलंस तर ते जाईल.

तुझ्या घरातल्या मोठ्या आरशापुढं उभी राहा. पदर डोक्यावरून घे. ओठ गच्च मिट. आणि आप्पांच्या खिशातलं ते नुसतं टोपण आठव.

काय दिसलं ते लगेच कळव.
तुझ्यावर आईइतकाच जीव लावलेली,
लीलाआक्का